ट्यूनिंगच्या आधी धूर: बारा व्होल्टच्या स्मोक मशीनचा रिव्ह्यू

हेडर (एक्झॉस्टचा नळीसंच) बसवला, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) टाकले आणि गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता, थरथरायला लागली, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रिमॅप बाकी आहे, तो झाला की बसेल जागेवर." पुष्कळदा ती बसत नाही, कारण ट्यूनर लॅपटॉपवर मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला (ईसीयू) पेट्रोल-ठिणगीचा तक्ता, बदलतो, फाटलेला होज बदलत नाही. रत्नागिरी-कुडाळकडून डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) गाडी न्यायची म्हणजे आंबा किंवा करूळ घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडे जायचं, नाहीतर सरळ मुंबई. तिथे पोचल्यावर इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग) गळतीतून जादा हवा खातोय हे कळलं, तर दिवस आणि पैसे दोन्ही गेले. म्हणून घाट चढण्याआधी घरच्या अंगणात वापरण्याजोग्या एका यंत्राचा हा रिव्ह्यू.

यंत्र म्हणजे ऑनलाइन मिळणारं साधं स्मोक मशीन. नाव दर महिन्याला बदलतं, आतला माल तोच. किंमत सहा ते दहा हजारांच्या मधे कुठेतरी. पत्र्याच्या डब्यात तेल, तेलात हीटर, शेजारी छोटा पंप. तेल तापून धूर होतो आणि पंप तो तीनेक मीटरच्या पाइपातून इंजिनात ढकलतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसंच हे. इथे बुडबुड्यांऐवजी धूर बघायचा. बाहेर बॅटरीच्या लाल-काळ्या क्लिपा, एक प्रेशर गेज, उभ्या नळीतला गोळीवाला फ्लोमीटर, रबरी कोन आणि बुचांची पिशवी. घेताना पंप आत आहे ना ते पाहा. स्वस्तातल्या काही मॉडेलना बाहेरून कॉम्प्रेसर लावावा लागतो, आणि मग बारा व्होल्टचा सगळा फायदा गेला. कोकणात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारंच घ्यावं. हीटर दहा-बारा अँपिअर ओढतो, त्यामुळे तपासत असलेल्या गाडीची बॅटरी न वापरता दुसरी लावा.

तेल म्हणून मिनरल ऑइलवालं बेबी ऑइल चालतं, शक्यतो बिनवासाचं. इंजिन ऑइल घालू नये. त्याचा धूर घाण करतो आणि हीटरवर काजळी धरतो. दोन-तीन मिनिटांत धूर दाट होतो. पाइपाच्या तोंडाशी तो पांढराशुभ्र दिसेपर्यंत गाडीला जोडूच नका, नाहीतर नुसती हवा भरत बसाल आणि "गळती नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढाल.

मॉडिफाइड इंजिनाला याची गरज जास्त, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जोड कुणीतरी उघडलेला असतो. पोर्टिंगसाठी (हवेची वाट घासून मोठी करायला) मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइपसंच) काढला आणि जुनंच गॅस्केट परत लावलं. इंजेक्टर बदलताना खालची ओ-रिंग कोरडी दाबली आणि ती कापली गेली; बसवण्याआधी बोटाने इंजिन ऑइलचा थेंब फिरवला असता तर वाचली असती. ब्रीदरचा (क्रँककेसची वाफ बाहेर काढणारा) होज कॅच कॅनकडे (त्या वाफेतलं तेल धरणाऱ्या डब्याकडे) वळवला, पण मॅनिफोल्डवरच्या निपलला दोन रुपयांची रबरी टोपी घातली. इंजिनच्या उष्णतेने ती सहा-आठ महिन्यांत तडकते. कॅच कॅनलाच वर फिल्टर लावलेला असेल आणि तरीही तो मॅनिफोल्डला जोडलेला असेल, तर तीही उघड गळतीच. यात कोकणाची भर म्हणजे उंदीर. फक्त गणपतीत आणि मे महिन्यात वापरायची म्हणून गावच्या पडवीत ठेवलेल्या गाडीचे व्हॅक्यूम होज आणि वायरिंग कुरतडलेलं निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

आता वापर. इंजिन थंड, किल्ली बंद. एअर फिल्टर काढून इनटेकच्या तोंडात रबरी कोन घट्ट बसवा आणि धूर त्यातून सोडा. गाडीला मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर तो आधी काढून जागा बुजवा किंवा धूर त्याच्या पुढून सोडा. तेलाचा पातळ थर मॅफच्या तारेवर बसला तर तपासणीतून नवा दोष जन्माला येतो, आणि तो साफ करायला मॅफ क्लीनरच लागतो, कार्बोरेटर क्लीनर नाही. थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप) थोडी उघडी राहील अशी पाचर पेडलपाशी किंवा केबलला लावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप हाताने ढकलू नका. तशा गाडीत धूर सरळ ब्रेक बूस्टरच्या होजमधून मॅनिफोल्डमध्ये सोडा.

प्रेशर किती? नैसर्गिक श्वास घेणाऱ्या इंजिनाला अर्धा ते एक पीएसआय पुरे. गेज त्यावर गेलं तर रेग्युलेटर मागे घ्या, कारण जास्त दाबाने ऑइल सील आणि डिपस्टिकची रिंग सुटते आणि धूर भलतीकडून येऊन दिशाभूल करतो. फ्लोमीटरची गोळी खाली बसली तर यंत्रणा बंद आहे, वर तरंगत राहिली तर हवा कुठेतरी जातेय. दिसणाऱ्या धुरापेक्षा गोळीवर विश्वास ठेवा. मॅनिफोल्डच्या खालून, इंजिन आणि फायरवॉलच्या मधे जाणारा धूर डोळ्यांना पटकन दिसतच नाही. तिथे टॉर्च आडवी धरावी, वरून नाही.

आणि वारा. दुपारी खारे वारे सुटले की समुद्राकाठच्या अंगणात धुराची बारीक रेघ दिसण्याआधीच उडून जाते. हे काम पहाटे किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर करा, आणि शेडमध्ये असाल तर पंखा बंद ठेवा. क्षुल्लक वाटतं, पण यंत्राबद्दलच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीने मिटतील.

धूर दिसला म्हणजे दोष सापडला असं दर वेळी नसतं. पीसीव्हीच्या (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वाटेने तो क्रँककेसमध्ये जाणारच, म्हणून पहिल्या फेरीत पीसीव्हीचा होज चिमट्याने दाबून फक्त इनटेक तपासा, मग सोडून दुसरी फेरी घ्या. दुसऱ्या फेरीत डिपस्टिक, ऑइल कॅप किंवा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून धूर आला, तर तेही दुरुस्तीच्या यादीत घ्या; पीसीव्ही चालू असताना तिथूनच हवा आत ओढली जाते. सायलेन्सरमधून धूर आला की लोक घाबरतात. कॅम मोठा असेल तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता वाढते. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन पाव फेरा फिरवा. धूर थांबला तर काही बिघडलेलं नाही. प्रत्येक जागी येत राहिला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तिथे स्मोक मशीनचं काम संपलं आणि लीक-डाउन टेस्टचं (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघण्याचं) सुरू झालं.

हेच यंत्र सायलेन्सरच्या टोकाला लावून एक्झॉस्टही तपासता येतो, आणि मला विचाराल तर अर्धे पैसे इथेच वसूल होतात. नवीन हेडरचा फ्लँज ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळत असेल, तर दाबाच्या दोन ठोक्यांमधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवत सुटतो. प्लग काळे, ॲव्हरेज पडलेलं, आणि स्कॅनर म्हणतो लीन. या विरोधाभासाचा उगम बहुधा त्या फ्लँजमध्ये असतो.

धूर सोडण्याआधी साध्या ओबीडी डोंगलवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या जोडणीवर) दोन आकडे बघून ठेवले तर शोध सोपा होतो. मॅफवाल्या गाडीत शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याची) बेरीज आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ४ आली, तर ती व्हॅक्यूम गळती. गळतीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते. आयडलला इंजिन कमी हवा घेतं म्हणून तिचा वाटा मोठा, रेस केल्यावर तो नगण्य होतो. उलट आयडलला ट्रिम ठीक आणि लोडवर वाढत गेला, तर धूर सोडू नका. पंप, फिल्टर आणि फ्युएल प्रेशर तपासा. जिप्सीच्या एमपीएफआय इंजिनासारखी मॅप सेन्सरवाली (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारी; ट्यूनरच्या मॅपशी या नावाचा संबंध नाही) गाडी मात्र वेगळी वागते. तिथे गळतीमुळे मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या मानाने पेट्रोलही देतो, म्हणजे मिश्रण फारसं लीन होतच नाही. फक्त आयडल बाराशे-पंधराशेवर जातो. मग ईसीयूला वाटतं थ्रॉटल बंद असून गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतो, तो पुन्हा देतो. आरपीएमचा काटा वरखाली नाचतो तो यामुळे. अशा गाडीत ट्रिम बघून "गळती नाही" म्हणणं चूक.

मॅप सेन्सरची एक फुकट तपासणी किनाऱ्यावरच होते. किल्ली ऑन, इंजिन बंद: मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. ९५ दिसला तर सेन्सर किंवा त्याचं अर्थिंग संशयित. पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, तोच ९५ बरोबर असतो. याची दुसरी बाजूही ट्यूनरला सांगून ठेवा: थ्रॉटलच्या कोनावर चालणारा मॅप बॅरोमीटरच्या दुरुस्तीशिवाय घाटावर बनवला, तर खाली किनाऱ्यावर हवा पाच-सहा टक्के घट्ट मिळते आणि गाडी तेवढी लीन चालते. चालू इंजिनाला आयडलला ३० ते ४० किलोपास्कल निरोगी. मोठ्या कॅमवर ५० पर्यंत गेला तरी ती गळतीच असेल असं नाही.

टर्बोवाल्यांसाठी हे यंत्र अर्धंच कामाचं. एका पीएसआयला घट्ट दिसणारा सिलिकॉन कपलर बारा पीएसआयला क्लॅम्पखालून सरकतो. त्याला टर्बोच्या तोंडाशी बुच, शॉप कॉम्प्रेसर, रेग्युलेटर आणि साबणाचं पाणी अशी वेगळी बूस्ट लीक टेस्टच लागते. काही विक्रेते "टर्बो टेस्टर" म्हणून हेच खपवतात, त्याकडे लक्ष देऊ नका. पेट्रोल टाकी आणि तिच्या वाफेच्या नळ्या या पंपाने तपासू नका. पेट्रोलच्या वाफेत हवा ढकलायची आणि शेजारी तापलेला हीटर, हा धोका कशाला? त्या कामाला नायट्रोजनवर चालणारी यंत्रं असतात.

जे यंत्र दाखवत नाही त्यात कोकणातला पहिला नंबर अर्थिंगचा. खाऱ्या हवेत इंजिन ते बॉडी पट्टी वरून ठीक दिसते आणि लगच्या आत हिरवी होते. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारा, ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला. फ्युएल प्रेशर बऱ्याच रिटर्नवाल्या सिस्टिममध्ये व्हॅक्यूम होज काढून तीन बारच्या आसपास. कॉम्प्रेशन घेताना सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडी, पंपाचा फ्यूज काढलेला; सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत. बूस्टवर (टर्बोचा दाब चढल्यावर) मिस मारत असेल तर प्लगचा गॅप एक मिलीमीटरवरून ०.७ वर आणून बघा. आणि मोठे इंजेक्टर जुन्याच मॅपवर असतील तर गाडी काळा धूर सोडणारच. तो दोष नाही, तिथे खरोखरच ट्यूनिंग राहिलंय. निदान इंजेक्टरच्या मापाचा बेस मॅप टाकल्याशिवाय बाकी काही तपासण्यात अर्थ नाही. वाइडबँडवर (मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर) आकडे एएफआरऐवजी (हवा-पेट्रोल गुणोत्तराऐवजी) लॅम्डामध्ये (त्या गुणोत्तराला योग्य गुणोत्तराने भागून) वाचण्याची सवय ठेवा. ई२० पेट्रोलचं (२० टक्के इथेनॉलवालं) योग्य गुणोत्तर साध्या पेट्रोलसारखं १४.७ नसून साधारण १३.५ आहे, लॅम्डा मात्र दोन्हीकडे १.

आता यंत्राच्या उणिवा. प्रेशर गेजचा काटा शून्यावर परत येत नाही, म्हणून तो अंदाजापुरता धरा. बॅटरीच्या वायरी बारीक आहेत. त्या तापतात, जाड टाकून घ्याव्यात. सोबतचा कोन ७६ मिलीमीटरच्या इनटेक पाइपाला सैल पडतो. नायट्राइल हातमोजा ताणून जुबिली क्लिपने आवळला आणि एका बोटातून पाइप घातला की काम भागतं. मॅन्युअल वाचण्यासारखं नाही. डबा आडवा झाला की टोपीतून तेल गळतं, गाडीच्या डिकीत तर नक्कीच. पत्र्याला आणि फिटिंगला गंज पकडायला एक पावसाळा पुरतो. नळ्यांच्या पितळी जोडांना ग्रीस लावून, तेल काढून, पिशवीत बांधून ठेवा.

एका गाडीसाठी विकत घेण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं बरं. गॅरेजवाल्याने मात्र विचार न करता घ्यावं, आणि ऑर्डर देताना हीटरची जादा कॉइल किंवा ग्लो प्लग त्याच विक्रेत्याकडे मिळतो का ते आधी विचारावं. हीटर हाच त्यातला सर्वात आधी जाणारा भाग.