स्ट्रेलनिकोवाबाईंचे श्वासाचे व्यायाम : सात महिने रोज केल्यानंतर

एकोणीस वर्षं शाळेत शिकवतेय. मागच्या दिवाळीनंतर आवाज असा बसला की चौथ्या तासापासून फळ्यावर लिहूनच भागवायचं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, स्वरतंतूंवर बारीक गाठी होत्या. स्पीच थेरपी सुरू झाली आणि तिथे विचारूनच मी जोडीला हे व्यायाम धरले.

अलेक्सांद्रा स्ट्रेलनिकोवा मॉस्कोतल्या गायिका, आवाजाच्या शिक्षिका. आईही गाणं शिकवायची. गायकांचा गेलेला आवाज परत आणायला मायलेकींनी ही पद्धत बसवली. १९७३ साली सोव्हिएत सरकारदरबारी तिची रीतसर नोंद झाली.

मला सगळ्यात अवघड गेलं ते उच्छ्वासाकडे लक्ष न देणं. कपालभातीत बाहेरचा श्वास झटक्याने आणि आतला आपोआप. इथे नेमकं उलटं. नाकाने छोटा, जोरात, आवाज होईल असा श्वास घ्यायचा. स्ट्रेलनिकोवाबाई म्हणत, जळका वास आल्यावर घेतो तसा. दूध करपलं की आपण स्वयंपाकघराकडे धावताना नाक कसं ओढतो, अगदी तसंच! बाहेरचा श्वास त्याचा तो जातो, तिकडे लक्षच द्यायचं नाही.

पहिला व्यायाम तळहातांचा. कोपरं वाकवून तळवे समोर धरायचे आणि प्रत्येक श्वासाला मूठ आवळायची. चार श्वास, मग तीन-चार सेकंद थांबायचं. पुढे 'पंप': सायकलमध्ये हवा भरताना वाकतो तसं वाकायचं आणि वाकतानाच श्वास घ्यायचा. छाती आवळलेली असताना हवा आत घ्यायची, सगळी गोम त्यातच आहे. त्यांचा 'शेकडा' ९६ श्वासांचा, म्हणजे बारा वेळा आठ.

पहिल्या आठवड्यात मी हावरटासारखे सलग बत्तीस श्वास घेतले आणि गरगरलं, भिंत धरून बसले. मग चारावर आले. तिसऱ्या महिन्यात जाणवलं की ओरडायची गरजच कमी झालीय, आवाज छातीतून निघतोय, घशावर ताण येत नाही. परवा सहाव्या तासाला अख्खी कविता चालीत म्हटली, मुलांनी पुन्हा म्हणायला लावली, तीही म्हटली. ताज्या तपासणीत गाठी लहान झाल्यात. त्यात थेरपीचा आणि पाळलेल्या मौनाचा वाटा मोठा आहे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

या व्यायामांनी सगळे आजार जातात असं सांगणारे व्हिडिओ पाहिले की राग येतो. बसलेल्या आवाजासाठी आधी दुर्बिणीची तपासणी हवीच. रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय 'पंप' करू नका. माझ्या सासूबाई खुर्चीत बसून फक्त तळहातांचा करतात, रोज सकाळी, चहाआधी.