बेंबीतून लघवी : आठ महिन्यांनंतर

मुलगी नऊ वर्षांची. जन्मतः पाठीला स्पायना बायफिडाची (पाठीचा कणा नीट न जुळण्याचा दोष) गाठ. ती लगेच काढली, पण मूत्राशयाच्या नसा अधू त्या अधूच. ऑक्टोबरात पुण्यात ऑपरेशन केलं. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं केलं, आणि नळी घालून लघवी काढायला अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड बेंबीत काढलं. ही वाट १९८० साली पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच सर्जननं मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव. अपेंडिक्स बिनकामाचं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं!

आधी दर तीन तासांनी मी शाळेत जायचे. चाकाच्या खुर्चीतून उचल, पायांचे आधार म्हणजे कॅलिपर सोड, आडवं करून खालून नळी घाल. आता ती खुर्चीत बसल्या बसल्या शर्ट वर करून १२ नंबरची नळी स्वतः घालते. डायपर बंद. सासूबाई सुरुवातीला बघायच्याही नाहीत, आता घड्याळ बघून त्याच हाक मारतात.

पण ऑपरेशन झालं की सुटलो, असं समजू नका. आतड्याला कुठं कळतंय आपण मूत्राशयात आलोय? ते शेंबडासारखा चिकटा सोडतच राहतं. आम्ही रोज सलाईननं धुतो. टाळलं की नळी तुंबते, पुढं खडे व्हायची भीती. एप्रिल-मेचं सोलापूर तुम्हाला माहीतच आहे. पोरगी पाणी कमी प्यायली की चिकटा लगेच घट्ट. त्यात मूत्राशय शांत ठेवायच्या गोळीनं घाम कमी येतो, म्हणून दुपारी बाहेर सोडतच नाही.

मार्चमध्ये एका रात्री नळी आत जाईना. बेंबीपाशी तोंड आवळलं होतं. १० नंबरची कशीबशी गेली, मग डॉक्टरांनी तोंड रुंद करून दिलं. तेव्हापासून एक लहान नळी कायम घरात.

नळी लेटेक्सची नको. या मुलांना रबराची ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असतो. दुकानदार हमखास लाल रबरी नळी पुढं करतो. आम्ही पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं येताना डझनभर आणतो. गड्ड्याच्या जत्रेत फुगा नाकारला म्हणून ती रुसली, ते भांडण अजून मिटलेलं नाही.

पोट दुखलं, फुगलं, उलटी किंवा ताप आला तर गॅस म्हणून ओवा देत बसायचं नाही. जोडलेलं मूत्राशय फुटू शकतं, आणि या मुलांना दुखणं कमी जाणवतं. हे एका कागदावर मराठी-इंग्रजीत लिहून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलंय. वर्गशिक्षिका नव्या आहेत.