काचा पुसण्याचे हलके दांडे : वजन पाहावे ते टोकाचे

काचा पुसण्याचा लांबणारा दांडा घ्यायला गेल्यावर दुकानदार दोन आकडे सांगतो: पूर्ण उघडल्यावरची लांबी आणि एकूण वजन. हे दोन्ही आकडे खरे असूनही खरेदीच्या वेळी फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण दांडा बंद स्थितीत हातात घेऊन तोलला तर जवळपास प्रत्येकच हलका वाटतो आणि पूर्ण लांबीवर तो दिवसातून मोजक्याच वेळा उघडला जातो. हातांना आणि खांद्यांना जो त्रास होतो तो दांड्याच्या टोकाशी असलेल्या वजनाचा आणि त्या टोकाच्या डुलण्याचा असतो. पुण्यातल्या बाणेर-औंध भागातली शोरूम, दवाखाने आणि दोन-तीन मजली कार्यालये यांच्या काचांचे काम आमची छोटी तुकडी करते. त्या वापरावरून तीन प्रकारच्या दांड्यांविषयी हे मत देत आहे: उंगर कंपनीचा ‘ऑप्टिलॉक’ हा ॲल्युमिनियमचा दांडा, स्थानिक बाजारात मिळणारा ग्लास फायबरचा दांडा, आणि ओळखीच्या एका कंत्राटदाराकडून कामापुरता आणलेला कार्बन फायबरचा, आतून पाण्याची नळी जाणारा दांडा.

आधी वजनाचा हिशेब मांडतो, कारण पुढची सगळी मते त्यावर उभी आहेत. सहा मीटर लांबीचा, सर्वत्र सारखा जाड दांडा धरला तर त्याचे स्वतःचे वजन मधोमध, म्हणजे तीन मीटरवर असल्यासारखे वागते. टोकाला लावलेल्या वस्तूचे वजन मात्र पूर्ण सहा मीटरवरून खाली ओढते. याचा अर्थ असा की टोकाला अर्धा किलोचा ओला वॉशर (काच भिजवायची, लोकरी बाही चढवलेली पट्टी) चढवला की मनगटावर येणारा ताण संपूर्ण दांडा एक किलोने जड झाल्याइतका वाढतो. म्हणून महागडा हलका दांडा घेऊन त्यावर पितळी वायपर किंवा पाण्याने निथळणारी लोकरी बाही लावणे हा पैशाचा अपव्यय आहे. पितळी वायपरला माझा विरोध नाही; एत्तोरे स्टेकोनी यांनी कॅलिफोर्नियात 1936 साली पेटंट घेतलेली ती रचना आजही हाताने पुसायच्या काचेसाठी उत्तमच आहे. दांड्यावर मात्र ॲल्युमिनियमची पट्टी आणि प्लास्टिकची मूठ असलेला वायपर लावावा आणि बाही वर नेण्यापूर्वी बादलीच्या काठावर नीट निपटून घ्यावी.

दुसरा मुद्दा डुलण्याचा. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर स्वतःच्या वजनाने येणारा बाक सोळा पट होतो, म्हणून चार मीटरवर ताठ वाटलेला दांडा आठ मीटरवर तसाच राहील असे समजू नये. हा दोष काचेवर लगेच दिसतो. वायपर वरून खाली ओढताना टोक मागेपुढे थरथरते, रबराचा दाब क्षणात वाढतो आणि क्षणात सुटतो, आणि काचेवर बोट-दीड बोट अंतराने पाण्याच्या आडव्या रेषा उमटतात. पुसणाऱ्याला खालून त्या दिसत नाहीत. दुपारी ऊन तिरपे झाले की शोरूमच्या मॅनेजरला दिसतात आणि मग फोन येतो. अशा वेळी रबर बदलायला धावण्याआधी दांडा किती लांब उघडला होता ते पाहावे.

साहित्याचा विचार याच दोन मुद्द्यांवरून करायचा. ॲल्युमिनियमची घनता 2.7, ग्लास फायबरच्या नळीची साधारण 2 आणि कार्बनच्या नळीची साधारण 1.6 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. यावरून ग्लास फायबर हा ॲल्युमिनियमपेक्षा सरस असेल असे वाटते आणि विकणाराही तसेच सांगतो. तो हलका आहे हे खरेच, पण तो ॲल्युमिनियमपेक्षा लवकर वाकतो आणि पूर्ण उघडल्यावर त्याचे टोक कुठल्या दिशेला जाईल याचा अंदाज येईपर्यंत नवख्या माणसाची दमछाक होते. आम्ही घेतलेला ग्लास फायबरचा दांडा साडेचार मीटरपर्यंत बरा चालतो. त्यापुढे त्यावर वायपर लावण्यात अर्थ नाही, फक्त जाळी-जळमटे काढायला किंवा ब्रश फिरवायला तो वापरावा. कार्बनचा दांडा हलकाही असतो आणि ताठही असतो, आणि दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर त्याला पर्याय नाही. मात्र दुकानात कुणी नुसते ‘फायबरचा आहे’ म्हटले तर कोणता फायबर, हे विचारून घ्यावे, कारण दोहोंच्या किमतीतही फार मोठे अंतर आहे आणि काळा रंग दिलेला ग्लास फायबर पाहताक्षणी कार्बनसारखाच दिसतो.

उंगर ही 1964 साली जर्मनीत सुरू झालेली कंपनी काचसफाईच्या अवजारांवर मोठी झालेली आहे आणि ऑप्टिलॉक हा तिचा रोजच्या कामाचा दांडा आहे. त्यातले दोन भागांचा चार मीटरचा आणि तीन भागांचा सहा मीटरचा, असे दोन दांडे आमच्याकडे आहेत. चार मीटरच्या दांड्याला मी पूर्ण गुण देईन. तळमजल्यावरच्या शोरूमची काच जमिनीवर उभे राहून वरच्या चौकटीपर्यंत त्यावर निघते, शिडी गाडीतून उतरवावी लागत नाही, आणि दिवसभर वापरूनही पोरे कुरकुरत नाहीत. टोकाचा निमुळता शंकू हा या दांड्याचा खरा उपयोगी भाग आहे. त्याच कंपनीच्या वायपरची आणि वॉशरची मूठ त्यावर घट्ट बसते आणि एक काढून दुसरे लावायला हात पुसण्याइतकाही वेळ लागत नाही. सहा मीटरच्या दांड्याविषयी तितक्या उत्साहाने लिहिता येत नाही. तो मजबूत आहे, पण पूर्ण उघडून वायपर चालवायला अनुभवी हात लागतो आणि तासाभराने माणूस बदलावा लागतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींत घासून काळपट भुकटी सुटते, ती ओल्या हातांना लागते आणि तोच हात पांढऱ्या चौकटीला लागला की दुप्पट काम होते. आतला भाग दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो.

दांड्याचे भाग हव्या त्या लांबीवर पक्के धरणारा क्लॅम्प कसा आहे, याकडे गिऱ्हाईक सहसा लक्ष देत नाही, पण दांडा निकामी होतो तो बहुतेक वेळा तिथूनच. फिरवून घट्ट होणाऱ्या क्लॅम्पला बाहेर काही टोक नसते, त्यामुळे तो कशात अडकत नाही. मात्र आत धुळीचे कण गेले की कितीही पिळला तरी घसरतो आणि साबणाच्या हाताने पिळताही येत नाही. खटक्याचा क्लॅम्प एका बोटाने उघडतो आणि त्याचा स्क्रू ॲलन चावीने कमी-जास्त घट्ट करता येतो, म्हणून मला तो अधिक पसंत आहे. घसरणाऱ्या क्लॅम्पवर तेल किंवा ग्रीस लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती इथे पूर्णपणे चुकीची आहे: पकड आणखी सुटते, आणि तेलाचा अंश पाण्याबरोबर काचेवर गेला की ती काच पुन्हा पुन्हा पुसूनही धूसर राहते. स्वच्छ पाण्याने धुऊन, सगळे भाग वेगळे करून सावलीत वाळवणे एवढेच त्याला हवे असते.

आट्यांविषयीही सावध राहावे. अमेरिकी बनावटीच्या दांड्यांवर पाऊण इंची, ‘ॲक्मी’ नावाच्या पद्धतीचे आटे असतात आणि आपल्या बाजारातल्या झाडू-ब्रशांचे आटे बहुधा युरोपीय पद्धतीचे असतात. दोन्ही एकमेकांत अर्धा फेरा जातात, बसल्यासारखे वाटतात आणि उंचावर गेल्यावर सुटतात. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जोडणीचे अडॅप्टर मिळू शकतात, पण टोकाला जोडाचे वजन वाढवण्यापेक्षा दांडा आणि अवजार एकाच पद्धतीचे घेणे मला शहाणपणाचे वाटते.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी याची आमची रीत सोपी आहे. अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोरीने टोकाला घट्ट बांधावी, आपल्याला नेहमी लागते तेवढ्याच लांबीवर दांडा उघडावा, दुकानाबाहेर मोकळ्या जागेत तो उभा करून थोडा कलवावा आणि एक हिसका द्यावा. दोन-तीन हेलकाव्यांत टोक शांत झाले तर दांडा घेण्यासारखा आहे. ते बराच वेळ डुलत राहिले तर त्याचे वजन कितीही कमी असो, तो ठेवून द्यावा. नंतर दांडा जमिनीवर उभा टेकवून क्लॅम्प बंद असताना वरच्या भागावर अंगाचा थोडा भार टाकावा. भाग खाली सरकला तर बोलणेच नको. ‘काका, अहो नवा माल आहे, असा काय ताणताय’ असे दुकानदार म्हणतो. म्हणू द्यावे.

आता हाताळणीविषयी. सहा मीटरचा दांडा जमिनीशी साठ अंशांचा कोन करून धरला तर त्याचे बूड भिंतीपासून तीन मीटर दूर राहते. ऐंशी अंशांवर धरला तर जेमतेम एक मीटर. दोन्ही स्थितींत टोकाच्या उंचीत पाऊण मीटरचाच फरक पडतो, पण पहिल्या स्थितीत मनगटावरचा ताण दुसरीच्या जवळपास तिप्पट असतो. नवा मुलगा वर नीट दिसावे म्हणून मागे मागे सरकत जातो आणि अर्ध्या तासात त्याचे खांदे भरून येतात. त्याला भिंतीजवळ आणायचे, एक पाय पुढे ठेवायला सांगायचे, खालचा हात कमरेशी आणि वरचा छातीच्या उंचीवर ठेवायचा. ओढण्याचे काम खालच्या हाताने आणि दिशा देण्याचे वरच्या हाताने करायचे. दर काचेला हातांची अदलाबदल केली तर एकाच खांद्यावर भार येत नाही. मान सतत वर राहते, म्हणून गॉगल हवाच, कारण पहिल्या पावसानंतर वरच्या चौकटीत साठलेला चिखल सरळ डोळ्यांत येतो.

दांड्यावरून वायपर चालवताना हाताने करतो तशी नागमोडी फिरकी घेऊ नये. वरच्या कडेला आधी एक आडवी पट्टी कोरडी करून घ्यावी आणि मग तिथून सरळ खाली पट्टे ओढावेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार-पाच सेंटिमीटर चढवून, आणि पाते ओल्या बाजूकडे किंचित कलते ठेवून, म्हणजे पाणी कोरड्या भागात परत येत नाही. दांडा उघडताना सर्वांत वरचा, बारीक भाग आधी काढावा. त्यामुळे पुढचे क्लॅम्प हाताशी राहतात. बंद करताना क्लॅम्पच्या तोंडाशी बोटे ठेवू नयेत. वरचा भाग सुटून खाली आला की बोट चेंगरते, आणि हे फार पटकन होते.

विजेच्या तारांविषयी मात्र कसलीही तडजोड नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) उघडी तार इमारतीपासून आडव्या दिशेने 1.2 मीटर अंतरावरून जाऊ शकते, म्हणजे नियम पूर्ण पाळलेली तारसुद्धा आपल्या दांड्याच्या सहज टप्प्यात असते. ॲल्युमिनियम वीज वाहून नेते हे सर्वांना ठाऊक असते. कार्बन फायबरही नेतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कोरडा आणि स्वच्छ ग्लास फायबर वीज रोखतो, पण काच पुसताना कोणता दांडा कोरडा राहतो? समोर तार असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा किंवा त्या बाजूचे काम नाकारावे. आम्ही अशी कामे नाकारली आहेत आणि गिऱ्हाईक नाराजही झाले आहे.

राहिला कार्बनचा पाणीवाहू दांडा. यात वायपर नसतो. ब्रशमधून क्षारविरहित पाणी सोडून काच घासायची, धुवायची आणि तशीच वाळू द्यायची. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ असेल तर डाग राहत नाहीत. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यावर क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनचा फिल्टर बराच काळ टिकतो. सोसायटीने बोअरचे टँकर मागवले असतील तर तेच रेझिन झपाट्याने संपते आणि आधी आरओ लावणे भाग पडते. सहा मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे 28 ग्रॅम पाणी मावते, म्हणजे दहा मीटरवर पाव किलोहून अधिक वजन केवळ पाण्याचे झाले. नळी आणि ब्रश वेगळे. एवढे असूनही तिसऱ्या मजल्याच्या काचेपर्यंत हा दांडा एकट्या माणसाने आरामात पेलला, हे पाहून आमच्या मुलांचे मत त्याच दिवशी बदलले. त्याची नाजूक बाजू वेगळी आहे: तो कडक फरशीवर आपटला किंवा त्यावरून ट्रॉली गेली तर चीर बाहेरून दिसतही नाही. संशय आला की नाण्याने सबंध नळीवर टकटक करीत जावे. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे थर सुटले आहेत असे समजून तो भाग वापरातून काढावा. आम्ही हा दांडा अजून विकत घेतलेला नाही. रोज दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची कामे असणाऱ्याने तो जरूर घ्यावा. दिवाळीपूर्वीच्या हंगामापुरतीच अशी कामे येत असतील तर भाड्याने आणणे परवडते.

घेण्याआधी क्लॅम्प, शंकू आणि टोकाचा रबरी बूच हे सुटे भाग तो दुकानदार ठेवतो का, हे विचारावे. आमच्या ग्लास फायबरच्या दांड्याचा एक क्लॅम्प तुटला तेव्हा तो सुटा कुठेच मिळाला नाही, आणि चांगल्या नळ्या असूनही तो दांडा आता गोदामातली जळमटे काढण्यापुरता उरला आहे. ऑप्टिलॉकचे सुटे भाग मागवावे लागले तरी मिळतात, आणि चार मीटरचा तोच दांडा पुन्हा घेण्याचे माझ्यापुरते हे सर्वांत मोठे कारण आहे.