डीसी क्लॅम्प मीटर, आठ महिन्यांनंतर: कधी सेल्फ घेणाऱ्या, कधी न घेणाऱ्या गाड्यांसाठी

जून ते जानेवारी असा वापर झालाय. म्हणजे त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊसही त्यात आला आणि निफाडची थंडीही. मीटर साधाच आहे: वायरीभोवती जबडा अडकवून डीसी करंट मोजणारा 400 अँपिअरचा क्लॅम्प, लहान रेंजवर 10 मिलिअँपिअर इतकं बारीक वाचन आणि मिन-मॅक्सचं (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे तीन गुण असलेला कुठलाही मीटर हेच काम करेल. घेताना फसगत एकाच ठिकाणी होते. दुकानात नुसता ‘क्लॅम्प मीटर’ मागितला की बऱ्याचदा घरगुती वायरमनचा, फक्त एसी करंट मोजणारा हातात पडतो. गाडीच्या केबलवर तो शून्य दाखवतो. डायलवर करंटच्या खुणेजवळ सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ आहे का, ते बघून मगच पैसे द्या.

आता मुद्द्याचं. गाडी मधूनच सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नसेल तर पहिला बळी बॅटरीचा जातो. नवी बसवतात, आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा टक् आणि शांतता. बंद गाडीवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चार्ज आहे, एवढंच कळतं. खरी परीक्षा सेल्फ फिरताना. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा, त्यांवर बसवलेल्या केबलच्या टर्मिनलवर नाही. पाच सेकंद सेल्फ मारा. व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. 11 च्या आसपास टिकलं आणि तरीही सेल्फ रडतखडत फिरला, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष बॅटरीच्या पुढे आहे.

क्लॅम्पचा पैसा इथे वसूल होतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण 100 ते 150 अँपिअर ओढतो. फिरतोय हळू आणि करंट 60-70 च दिसतोय, तर केबल, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसचा बॉडी-इंजिनशी जोड) किंवा सेल्फमधले झिजलेले कार्बन (ब्रश). फिरतोय हळू पण करंट भरपूर, तर सेल्फ आतून घासतोय, बहुतेक बुश (शाफ्ट धरणाऱ्या धातूच्या कड्या) गेलेत. सेल्फ खोलायच्या आधीच कामाची दिशा ठरते.

केबलची तपासणी ओहमवर करू नका. जोडात 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरीच 0.1-0.2 ओहम दाखवतात. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात, ते मोजा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. मग बॅटरीचा मायनस खांब ते इंजिनचा उघडा धातू: 0.2 पेक्षा जास्त नको. जास्त आलं तर एकेक जोड पुढे सरकत मोजायचं. दोषी जोड स्वतःच आकडा देतो.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर बहुतेक वेळा अर्थिंगच सापडतं. बॅटरी ट्रेखाली बॉडीला आवळलेला केबलचा लग (टोकाची धातूची कडी) वरून चकचकीत असतो. 10 नंबरचा पाना लावून काढला की मागच्या बाजूला पांढरी-हिरवी पूड आणि खाली अर्धवट रंग. काही केबल तर लगच्या तोंडाशी आतून तुटलेल्या असतात, वरचं रबर तेवढं धरून ठेवतं. धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा आणि व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून लावा.

एक सवय लावून घ्या: वायरवर 12 व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली समजू नका. एक तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण 12 दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपिअर मागतो, आणि मग वायरीचं खरं रूप दिसतं.

मधूनच येणाऱ्या दोषाची खरी अडचण ही की गाडी गॅरेजमध्ये आली की शहाण्यासारखी वागते. त्यासाठी मीटर गाडीतच ठेवायचा. सॉलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) बारीक वायरीवरून, म्हणजे चावी फिरवल्यावर जिथे करंट येतो तिथून, एक लांब बारीक वायर केबिनमध्ये आणा. दुसरी बॅटरीच्या मायनसवरून. सॉलेनॉइडकडच्या वायरीला उगमाशीच 1 अँपिअरचा फ्यूज हवा, आणि दोन्ही वायरी सायलेन्सर-फॅनपासून लांब. मीटर सीटवर. गाडीने नकार दिला त्या क्षणी, चावी धरूनच, आकडा वाचा. शून्य असेल तर दोष अलीकडे: इग्निशन स्विच, रिले, क्लचचा स्विच, नाहीतर इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), ज्याचा दिवा अशा वेळी लुकलुकत असतो. पूर्ण व्होल्टेज असून सेल्फ गप्प, तर सॉलेनॉइड, सेल्फ किंवा जाड केबल. आकडा आठ-नऊवर लोंबकळत असेल तर एकदा बॅटरीचं व्होल्टेजही बघा. तिथे 12 टिकून असतील तर रिलेचे किंवा चावीच्या स्विचचे पॉइंट जळालेत.

कसारा घाट चढून आल्यावर थांबवलेली गाडी सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने होते, त्याचं कारणही इथेच आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. सॉलेनॉइड 60 अंशांनी तापला की रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि खेचण्याची ताकद घटते. एरवी निभावून जाणारा एक व्होल्टचा तोटा गरम गाडीत नडतो. थंड गाडीवर घेतलेलं माप अशा तक्रारीत निरुपयोगी.

रात्रीत बॅटरी उतरण्याचा प्रकार वेगळा. उघड्या दारांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दारं बंद वाटतात, किल्ली गाडीपासून दूर ठेवा, आणि कंट्रोलर (गाडीतले इलेक्ट्रॉनिक युनिट) झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग मायनस केबलवर क्लॅम्प. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. 300 असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात. 35 अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत अर्ध्यावर. फ्यूज उपटत बसू नका, एखादा कंट्रोलर परत जागा होतो. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या धातूच्या टिपक्यांवर मिलिव्होल्ट बघा. जिथे आकडा येतो त्या सर्किटमधून करंट वाहतोय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर आणि डॅशकॅम आधी तपासा.

मीटरच्या तक्रारी. क्लॅम्पचा शून्य तापमानाने आणि जागेने सरकतो, त्यामुळे केबलच्या शेजारीच, त्याच दिशेला धरून झिरो करावा लागतो. तरीही 30 आणि 50 मिलिअँपिअरमधला फरक त्यावर विश्वासाने सांगता येत नाही. मिन-मॅक्स सेकंदाला तीनेक वेळाच वाचतो, सेल्फच्या पहिल्या झटक्याची खोल बुडी त्यातून निसटते, 9.6 चा निकष फिरत्या सेल्फसाठीच धरा. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो, म्हणजे नेमका गाडी झोपायची वाट बघताना. सोबतच्या वायरी ताठर आहेत, थंडीत तर काठीच. मऊ सिलिकॉनच्या आणि मगर-चिमट्यांच्या वेगळ्या घ्याव्या लागल्या.