पाइपच्या भूकंप-चाचणीसाठी घेतलेली दोन कॅमेऱ्यांची सिस्टीम: नऊ महिन्यांनंतर

पाइपवर फवारलेले ठिपके दोन कॅमेऱ्यांनी टिपून पाइप कुठे किती ताणला ते मोजणारी ही सिस्टीम. गेल्या आठवड्यात तिच्या लेन्सचा, फोकस घट्ट धरणारा लॉकिंग स्क्रू तिसऱ्यांदा ढिला झाला, म्हणून हे लिहायला बसलो. स्पेसिफिकेशन ब्रोशरमध्ये आहेच. आमच्या लॅबमध्ये शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारख्या हलणाऱ्या मंचावर, पाइपिंग बसवून, आत पाणी भरून, दाब देऊन हलवतात. बहुतेक वेळा कोयनेच्या भूकंपाचा रेकॉर्ड लावतो, 11 डिसेंबर 1967 ला धरणातल्याच यंत्रावर नोंदला गेलेला.

सिस्टीम घेतली ती एल्बोसाठी, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्यासाठी. सरळ पाइप सहसा टिकतो, मार खातो तो एल्बो. वाकताना त्याचा गोल काप लंबगोल होतो आणि आत दाब असल्यामुळे प्रत्येक हेलकाव्याला तो थोडा थोडा फुगत जातो. शेवटी कुशीला, पाइपच्या लांबीच्या दिशेने चीर पडते. नेमकं तिथलंच स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजायला चिकटवलेली पट्टी, आधी सुटतं. अख्खी सकाळ घासून-पुसून चिकटवायचं आणि ऐन वेळी वाचन गायब!

कॅमेऱ्याने ती कटकट संपवली. पांढऱ्या रंगावर काळे ठिपके फवारायचे, बस; ठिपके किती सरकले त्यावरून ताण निघतो. दुसऱ्याच चाचणीत गेज अर्ध्यात गेलं, कॅमेरा मात्र गळती लागेपर्यंत मोजत राहिला. ठिपक्यांमधून पाण्याचा पहिला थेंब बाहेर आला ती फ्रेम आमच्याकडे आहे. त्या दिवशी साहेबांना म्हटलं, पैसे वसूल झाले.

लाइटवर मात्र कंजुषी करू नका. 2 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे, मध्यापासून दोन्हीकडे 50 मिमी हेलकावा म्हणजे जास्तीत जास्त वेग सेकंदाला जवळपास 630 मिमी. आमच्या फ्रेममध्ये एक पिक्सेल 0.2 मिमीचा. एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ, 1 मिलिसेकंद ठेवलं तर ठिपक्याचा तीन पिक्सेलचा फराटा होतो, 0.2 वर आणलं की तो एका पिक्सेलच्या आत येतो. पण मग चित्र काळंकुट्ट. सेटबरोबरचे दिवे पुरत नाहीत.

आता तो स्क्रू. दोन मिलिमीटरचाही नसेल. तो सैल झाला की फोकस रिंग केसभर सरकते आणि सकाळी कॅमेऱ्यांसमोर ठरलेल्या खुणांची प्लेट धरून केलेलं सगळं कॅलिब्रेशन वाया जातं. कंपनीचं उत्तर: व्हायब्रेशनमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, इंजिनिअरच्या व्हिजिटचे पैसे भरा. अहो, विकताना शेक टेबलसाठीच विकलात ना? चार महिने ईमेल चालले. शेवटी स्क्रू आले, तेही पूर्ण लेन्स किटच्या भावात.

एक चूक मात्र माझीही होती. कुठलंही वाचन विचित्र आलं की मी त्या स्क्रूवर ढकलायचो. मग हॉलच्या खांबावर एक टार्गेट चिकटवलं, तर चाचणीत खांबच चार पिक्सेल हलताना दिसला. खांब कशाला हलेल? कॅमेऱ्यांच्या ट्रायपॉडखालची फरशी टेबलाबरोबर थरथरत होती, म्हणजे हलत होते ते कॅमेरेच. ट्रायपॉड काढून टाकला, फॅब्रिकेशनवाल्याकडून सी-चॅनलचा (C आकाराच्या लोखंडी पट्ट्यांचा) स्टँड करून घेतला आणि टेबलाच्या पायापासून लांब, वेगळ्या काँक्रीटवर बोल्ट केला. आता खांब जागेवर असतो. ट्रायपॉडच्या किमतीपेक्षा स्वस्तात झालं, म्हणून सांगतो, सेटमधून ट्रायपॉड वगळून कोटेशन मागा.

स्क्रूवर आता नेलपॉलिशचा थेंब असतो आणि रिंगवर मार्करची रेघ. दर चाचणीआधी आणि नंतर रेघ जुळते का, ते मी स्वतः बघतो.