अर्धशिशी, दबलेली नस आणि मिरजेतल्या फिजिओथेरपीच्या 10 बैठका

मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही, पण धंदाच मान खाली घालून करायचा पदरात पडला. 22 वर्षं सांगलीत ब्लाउज शिवतेय. डोकं दुखतं ते मात्र त्याच्याही आधीपासून. आई त्याला अर्धशिशी म्हणायची आणि सुंठ उगाळून कपाळाला लावायची. उजव्या डोळ्यामागे ठणका, उजेड नको, फोडणीचा वास नको, दुपारपर्यंत एक उलटी ठरलेली. महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा व्हायचं, त्याची सवयच होऊन गेली होती.

गेल्या दोन वर्षांत दुखण्यानं वाट बदलली. उजव्या खांद्यावर सुरू व्हायचं, मानेतून वर चढायचं, कवटीच्या खालच्या कडेला तासभर मुक्काम करायचं आणि मग डोळ्यात. जोडीला अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या. हुक लावताना सुई बोटातून निसटायची. एप्रिलच्या लगीनसराईत कालनिर्णयवर 12 फुल्या झाल्या. फुली म्हणजे मशीन बंद, पडदे ओढून आडवी.

आधी केलेले उद्योग थोडक्यात सांगते. जाऊबाईंच्या सांगण्यावरून एका मान मोडणाऱ्याकडे गेले. त्यानं कटकन आवाज काढला, मी दोन दिवस घर फिरल्यासारखी भिंत धरून चालत होते. मग एमआरआय. त्यात मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये चकती थोडी बाहेर आलेली. रिपोर्ट बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नस दबलीय, म्हणून डोकं दुखतंय." मीही तेच धरून बसले होते. न्यूरोच्या डॉक्टरांनी ते अर्धं खोडून काढलं. तिथली नस दबली तर मुंग्या अंगठ्यात आणि तर्जनीत येतात, त्या येतातच आहेत, पण डोकेदुखी सहसा तिथून निघत नाही, ती मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघते, असं ते म्हणाले. तुमची अर्धशिशी खरी, तुमची मानही खरी, आणि दोघी एकमेकींना चिथावतात. मान मोडून घेतल्याबद्दल चांगलंच झापलं, कारण मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, क्वचित एखादी अशा झटक्यानं आतून फाटते. मग विचारलं, महिन्यात गोळ्या किती दिवस घेता? मोजून सांगितलं, 18 दिवस. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातले 15 दिवस किंवा जास्त, अशी महिनोन्‌महिने घेत राहिलं की तीच रोजची डोकेदुखी तयार करते म्हणे. मला आठवड्यातून दोनच दिवसांची परवानगी दिली, डोकेदुखी वारंवार येऊ नये म्हणून रात्रीसाठी एमिट्रिप्टिलिनची लहान गोळी लिहून दिली (तोंड कोरडं पडतं, सकाळी उठायला जड जातं) आणि मिरजेत फिजिओथेरपीला पाठवलं.

आता मुद्द्याचं. पहिली तपासणी 500 रुपये, पुढे बैठकीला 350. जुन्या इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट नाही. मानेच्या पेशंटला एक वेळ चालेल, पण गुडघ्याच्या आजी जिन्यात मध्येच बसलेल्या दिसतात. वेळ पाचची दिली तर पावणेसहा धरून चाला. खाटांमध्ये नुसते पडदे, त्यामुळे पलीकडच्या काकांच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी मला पाठ झाली आहेत.

पण पहिल्या दिवशी तिथल्या मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्य फिजिओथेरपिस्टनी, पाऊण तास दिला. मशीन वगैरे काही लावलं नाही. मला उताणी झोपवलं, दोन्ही हात डोक्याखाली घातले आणि कवटी जिथे संपते तिथे उजव्या बाजूला एका बोटानं दाबत राहिल्या. पाच-सात सेकंद काही नाही. मग हुबेहूब तोच ठणका उजव्या डोळ्यामागे उठला. दाबत होत्या मानेत आणि दुखत होतं डोळ्यात. मी दचकून हात धरला त्यांचा. बोट काढलं तसं हळूहळू उतरलं. डाव्या बाजूला दाबलं तर नुसतं दाबल्यासारखं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं शोधून हातात धरून दाखवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "ताई, मानेच्या वरच्या नसांचा निरोप आणि चेहऱ्या-डोळ्याच्या नसेचा निरोप आत एकाच ठिकाणी पोचतो. मेंदूला कळत नाही कुठून आला." मला लगेच समजलं. दोन रंगांचे दोरे एकाच सुईत ओवले की टाका कुठल्या दोऱ्याचा ते मागून बघूनही सांगता येत नाही.

दुसऱ्या बैठकीला येताना शिवतानाचा व्हिडिओ मागवला होता. लेकीनं बाजूनं काढला. स्वतःला पाहून मीच गप्प झाले. काखेची शिलाई घालताना नाक सुईपासून वीतभर आणि उजवा खांदा कानाला टेकायला आलेला. मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या आणि माझ्या मते सगळे पैसे तिथेच वसूल झाले. एक, मशीनचं टेबल 3 इंच उचला. माझ्या मशीनला मोटर आहे, पेडल जमिनीवर सुटं असतं, म्हणून ते जमलं. सुतारानं चार ठोकळे 200 रुपयांत करून दिले. पायमशीनवाल्यांना हे जमणार नाही, तुम्ही खुर्ची आणि उजेडाचं बघा. दोन, हातशिलाई मांडीवर घेऊन करायची नाही. मांडीवर उशी, उशीवर पाट, पाटावर कापड. तीन, चष्म्याचा नंबर तपासा. तो खरंच बदलला होता, इतके दिवस माझी मानच चष्म्याचं काम करत होती.

व्यायाम दिसायला अगदी फालतू आहेत. भिंतीला पाठ टेकायची, हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे ओढायची, म्हणजे गळ्याला दुहेरी घडी पडते. 5 सेकंद धरायचं, असं 10 वेळा. मग खांद्याची पाती मागे एकमेकींकडे न्यायची. मोबाइलचा गजर लावून पाहिला, पण गिऱ्हाईक समोर असलं की बंद करून टाकायचे. शेवटी बॉबिनला बांधून घेतलं. बॉबिन संपली की उठायचं, हनुवटी मागे, मग नवी बॉबिन भरायची. दिवसात आठ-दहा वेळा आपोआप होतं.

विजेची मशीन आणि गरम शेक यांना मी फारसे गुण देत नाही. वीस मिनिटं छान वाटतं, झोपही लागते. पण तो आराम सांगली-मिरज रस्त्यावरच्या खड्ड्यांत विश्रामबागेपर्यंत टिकतो. मान ताणायचं मशीन मी स्वतःहून मागितलं होतं, शेजारणीला दिलं होतं म्हणून. मॅडमनी चक्करचा किस्सा ऐकून नाही म्हटलं. नाही म्हणणारे भेटतात कुठे हल्ली, तो एक गुण जास्त.

तक्रारी दोन. चौथ्या बैठकीला मॅडम नव्हत्या, शिकाऊ मुलानं खांदा असा रगडला की रात्री फुलीच पडली. सांगितल्यावर पुढे तसं झालं नाही, पण आधी विचारायला काय जातं? दुसरी, काउंटरवरची मुलगी प्रत्येक वेळी 20 बैठकांचे पैसे आगाऊ भरायला सांगते, परत मिळत नाहीत. भरू नका. मॅडमनी मला स्वतः 10 वर थांबवलं.

ऑनलाइन 1,400 रुपयांची मानेची उशीही घेतली होती. वास जाता जाईना, उंचीही माझ्या मानेला जास्त. आता रोजच्या कापसाच्या उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला टॉवेलची गुंडाळी घालते. फुकटात काम झालं. ती उशी सध्या मांजर वापरतं.

आता हिशेब. बैठका मे ते जुलै. ऑगस्टमध्ये फुल्या 5, सप्टेंबरमध्ये 4. त्यातल्या दोन पाळीच्या वेळच्या, आईच्या वेळेसारख्या अस्सल अर्धशिशीच्या. त्यांच्यापुढे हनुवटी मागे ओढून काही होत नाही, गोळी घेऊन अंधारात पडावंच लागतं. खांद्यावरून चढणारं दुखणं मात्र बहुतेक मानेपाशीच अडतं आता. यात रात्रीच्या गोळीचा वाटा किती आणि ठोकळ्यांचा किती, ते मला वेगळं काढता येणार नाही. मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. एकाएकी कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखलं, हातातली ताकद गेली, बोलताना जीभ अडखळली किंवा तापात मान ताठली तर फिजिओथेरपी नाही, थेट मोठं हॉस्पिटल, असं डॉक्टरांनी मला बजावलंय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा जिन्याचा कापला, एक काउंटरवरच्या मुलीचा. जायचं तर दुपारी चारच्या आत जा, मोठ्या मॅडम तेव्हाच असतात, आणि काम करतानाचा व्हिडिओ आधीच काढून न्या, म्हणजे एक फेरी वाचेल.