फोंड्याच्या वरच्या बाजारातला छापखाना: निधनाची पत्रिका करायची असेल तर

घरात माणूस गेल्यावर पत्रिका कुठे छापावी याची चौकशी करायला कोणालाच सवड नसते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. गोव्यात, फोंड्याच्या वरच्या बाजारात, जिना चढून पहिल्या माळ्यावर हा छापखाना आहे. पाटीवर 'लग्नपत्रिका, बिलबुके, रबरी शिक्के' एवढेच लिहिलेय. उत्तरकार्याच्या पत्रिका आणि वर्तमानपत्रातली निवेदने तिथे होतात, हे ज्यांच्या घरी वेळ आली त्यांनाच ठाऊक असते.

माझा थोरला भाऊ गेला. निवृत्त होईपर्यंत तो नदी परिवहन खात्यात होता, रायबंदर–चोडण फेरीबोटीवर. शेवटची वर्षे डायलिसिसवर काढली त्याने. धाकट्या भाचीने त्याच रात्री मोबाइलवरच्या कुठल्याशा अॅपमधून एक कार्ड तयार केले: समई, कबुतर, ढग आणि 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. नाव, तारीख आणि फोटो बदलायचा, बाकी मजकूर तयार. वहिनींनी ते वाचले आणि म्हणाल्या, "अल्पसा कसला गं? आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत होते ते." ते कार्ड आम्ही कोणालाच पाठवले नाही.

छापखान्याचे मालक साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि नमुन्यांची फाइल पुढे न करता विचारले, "बाय, दुयेंस खूब दिसांचें आशिल्लें न्हय?" (बाई, आजारपण बऱ्याच दिवसांचे होते ना?) मग भाऊ काय करायचा, कुठे असायचा, त्याला ओळखणारी माणसे कुठली, हे विचारत राहिले आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर टिपून घेत राहिले. फाइल मी मागितली तेव्हाच दाखवली. तीत सगळे आहे: देवाज्ञा झाली, कालवश झाले, वैकुंठवासी, कैलासवासी, अनंतात विलीन, क्रूर काळाने घाला घातला. यातल्या कुठल्याच शब्दाला मी नावे ठेवणार नाही. माझ्या आजीच्या पत्रिकेवर 'देवाज्ञा' होते आणि तिच्या श्रद्धेला ते शोभले. प्रश्न असतो तो शब्द त्या माणसावर बसतो का, एवढाच, आणि हे विचारणारा दुकानदार मला दुसरीकडे भेटलेला नाही.

शेवटी ठरलेला मजकूर असा होता: 'रायबंदर–चोडण फेरीबोटीवर अनेक वर्षे सेवा केलेले, नदी परिवहन खात्याचे निवृत्त कर्मचारी', मग नाव, मग 'यांचे दीर्घ आजारानंतर राहत्या घरी निधन झाले.' 'दुःखद' त्यांनी घातलेच नाही. मी विचारले तर म्हणाले, घालायचे तर घालतो, पण पुढे 'शोकाकुल' आहेच. मी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवली आणि मला तो मजकूर वाचून बरे वाटले.

पत्नीच्या नावाशी आल्यावर ते थांबले. बहुतेक ठिकाणी इथे कोणी विचारत नाही, 'गं. भा.' आपोआप छापले जाते. कालपर्यंत सौ. असलेल्या बाईला आपले नवे उपपद पत्रिकेतूनच कळते. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा बांगड्या-कुंकवाची चर्चा आमच्याकडेही झाली, या दोन अक्षरांची मात्र कोणी केली नाही. मालक म्हणाले, "वहिनींना फोन लावा, त्यांना विचारूया." वहिनी म्हणाल्या, "नुसते नाव घाला. पुढे काही नको." तसेच छापले.

मुलींचेही तसेच. 'शोकाकुल' या शब्दाखाली आमच्याकडे भाऊ, पुतणे आणि जावई यांची रांग लागते आणि मुली 'समस्त परिवार' यात जातात. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीला वारसाहक्कात मुलाइतकाच वाटा आहे. दस्तावर तिची सही लागते, पण बापाच्या पत्रिकेवर नाव शेवटी किंवा नाहीच. इथे दोघी भाच्यांची नावे पहिली आली, जावयांची त्यांच्यानंतर. एका चुलत्याला ते आवडले नाही. मला फार आवडले.

आणखी एक गोष्ट गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्यासारख्या कितीतरी घरांत रडणे कोकणीत असते आणि पत्रिका मराठीत. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली, त्याआधी आणि नंतर किती भांडणे झाली ते सगळ्यांना माहीत आहे. मरणाच्या दारात हा वाद कोणी आणत नाही. पण मजकूर फार संस्कृतप्रचुर झाला की घरच्याच बायकांना तो दुसऱ्या कोणाबद्दलचा वाटतो. या छापखान्याची मराठी साधी आहे आणि माझ्या वहिनींनी ती एका दमात वाचली. त्याच टेबलावर ख्रिस्ती घरांसाठी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीतली स्मरणपत्रेही होतात. मी बसले होते तेव्हा एक गृहस्थ सातव्या दिवसाच्या मिसाची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, वेळ सांगायला आले होते आणि त्यांनाही तसेच शांतपणे विचारणे चालले होते.

वर्तमानपत्राच्या निवेदनासाठी इथली मदत खरी मोलाची. तिथे पैसे कॉलम-सेंटीमीटरवर पडतात, त्यामुळे मजकूर कापावाच लागतो. घरचे लोक नेमके माणसाचे काम कापतात आणि नातेवाइकांची यादी ठेवतात, कारण कोणी रागावायला नको. मालकांनी यादी आखडती घेतली, 'पुतणे, भाचे व नातवंडे असा परिवार' यावर आणली, आणि फेरीबोटीची ओळ राखली. त्या एका ओळीमुळे बाराव्याला चोडणहून अशी माणसे आली ज्यांना आम्ही कधी पाहिले नव्हते. पणजी मार्केटला भाजी नेणाऱ्या एका बाईने वहिनींना सांगितले की ती धक्क्यावरून पळत येताना दिसली की भाऊ फळी उचलू देत नसे. बोटीवरच्या गोष्टी तो घरी कधी बोलला नव्हता. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

आता उणिवा. पहिल्या प्रुफात 'श्रध्दांजली' छापून आले. 'द'ला 'ध' जोडायचा आहे, उलटे नव्हे. जुन्या श्री-लिपिवर टाइप करताना हे सर्रास होते, पण ज्या दुकानात हा शब्द रोज छापला जातो तिथे तो चुकू नये. सांगितल्यावर लगेच दुरुस्त केले. दुसरे म्हणजे त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये नसतो. भाचीने तो ईमेलने वर्तमानपत्राकडे पाठवला तर तिकडे नुसती चिन्हे उमटली आणि सगळे पुन्हा टाइप करावे लागले. त्यांच्याकडून पीडीएफच मागून घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवायलाही तीच बरी. तिसरे, फोटोचे काम बेताचे आहे. पासपोर्ट फोटो मोठा केला की चेहरा धुरकट येतो, म्हणून चांगला मोठा फोटो सोबत न्या. फ्लेक्सही करतात, पण त्यात पुढाऱ्यांचे चेहरे मृताच्या चेहऱ्याहून मोठे करून मागणाऱ्यांना ते नकार देत नाहीत; तो द्यावा असे मला वाटते.

100 पत्रिका पाकिटांसह 900 रुपयांना पडल्या, काळी शाई, पांढरा जाड कागद, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. दुपारी एक ते चार बंद असते. जिना अरुंद आहे, वयस्कर माणसाला चढवू नका. मालक खाली येऊन मजकूर लिहून घेतात, शेजारच्या दुकानातून हाक मारायची. पैसे रोख किंवा यूपीआयने. जाताना मृत व्यक्तीचे पूर्ण नाव, तिथी आणि बाराव्याची जागा लिहून न्या, आणि घरातली एक बाई सोबत असू द्या.